जुनी एमएक्स-५ : इंजिन टिकतं, पाणी घात करतं

वापरलेली माझदा एमएक्स-५ बघायला गेलात तर बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा. आधी गुडघे टेका आणि मागच्या चाकाच्या लगेच पुढचा पत्रा बघा, जिथे दाराखालची पेटी, म्हणजे सिल, चाकाच्या कमानीला मिळते. अंगठ्याने दाबा, खालून हात फिरवा. रंगाला फोड आले असतील, पत्रा कुरकुरत असेल किंवा नुकताच मारलेला जाड काळा थर दिसत असेल, तर इंजिन कितीही गोड वाजो, किंमत त्या पत्र्यावरूनच ठरवायची. वेळच्या वेळी तेल-पाणी मिळालं तर हे इंजिन दीड लाख मैलांनंतरही कुरकुर करत नाही. गाडी मरते ती गंजाने. आणि हा गंज बहुतेक वेळा टपावर पडलेल्या पावसाला बाहेर जायची वाट न उरल्यामुळे येतो.

महाराष्ट्रात माझदा हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे ओळखीचं. ही दोन आसनांची, टप मागे टाकता येणारी गाडी मात्र भारतात कंपनीने कधी विकली नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणाला जुनी, उघडी, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायची हौस आली की पहिलं नाव हेच निघतं, आणि ते योग्यच आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली, १९९० मध्ये ब्रिटनमध्ये आली. पहिली पिढी एनए, १९९७ पर्यंतची, उघडझाप करणाऱ्या हेडलाइटची. दुसरी एनबी, १९९८ ते २००५. इथे लिहिलेलं सगळं या दोन पिढ्यांबद्दल, आणि तेही ब्रिटनच्या हवेत, जिथे पाऊस बारमाही आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात.

तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या चमूने गाडी साधारण हजार किलोत बसवली, चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात) दिले आणि गिअरबॉक्स व डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) यांना एका लांब अॅल्युमिनियमच्या तुळईने जोडलं. गिअर टाकताना हाताला जो नेमकेपणा जाणवतो तो बराचसा त्या तुळईमुळे. म्हणून तिच्याखाली जॅक कधीच लावू नका, ती वाकते. ट्रॉली जॅक लावायचा तो पुढे सबफ्रेमच्या (सस्पेन्शन धरणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) मधल्या भागाखाली किंवा मागे डिफरेन्शियलच्या घराखाली, आणि स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

पाण्याची वाट

कोकणात मिरगाच्या आधी पन्हळ साफ करतात, कौलं परततात. या गाडीचं तेच काम पानगळीच्या आधी आणि नंतर, असं दोनदा करावं लागतं. कारण समजून घ्या. टपाचं कापड मागच्या बाजूला एका प्लास्टिकच्या पट्टीवर संपतं. कापडावरून ओघळलेलं पाणी या पट्टीत जमतं, दोन्ही टोकांना वाहत जातं आणि सीटबेल्टच्या खांबामागच्या कोपऱ्यांतून एकेका नळीत पडतं. नळी गाडीच्या पोटातून खाली येऊन मागच्या चाकाच्या पुढे उघडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळीत पानं, चीकमाती आणि टपाचे धागे मिळून बूच तयार होतं. मग पाणी तुंबतं, काठावरून आत सांडतं, सीटमागचा गालिचा भिजवतं आणि सिलच्या पोटात उतरतं. सिल आतून कुजतं. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा केव्हाच गेलेला असतो.

साफ करायला टप खाली करा, मागच्या कोपऱ्यातला गालिचा उचला, टॉर्च मारा. दोन्हीकडे नळीचं तोंड दिसेल. वरचा कचरा बोटांनी काढा. मग गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी, टोक मेणबत्तीवर गोल करून, हळूहळू फिरवत खाली सोडा. लोखंडी तार नको, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही नको. बूच घट्ट असेल तर नळी वरच्या सांध्यातून निसटते, आणि मग तुम्ही ओतलेलं सगळं पाणी थेट सिलमध्ये जातं. वरून जमलं नाही तर गाडी उचलून खालच्या तोंडातून प्रयत्न करा. शेवटी प्रत्येक बाजूला अर्धा लिटर कोमट पाणी ओता. ते चाकापुढे जमिनीवर धार धरून पडलं पाहिजे. ठिबकत असेल तर काम झालेलं नाही.

दारांच्या तळाशीही छोटी भोकं आहेत. दार उघडताना आत पाणी खळखळलं तर ती बुजली आहेत असं समजा. प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा.

नळ्या मोकळ्या असूनही सीटमागचा गालिचा ओला राहत असेल तर टपाखालची ती प्लास्टिकची पट्टीच तडकलेली असते. उन्हाने ती ठिसूळ होते. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून मांडीवर ठिबकत असेल तर तिथली रबरं दमली आहेत, किंवा टपाच्या खिट्ट्या सैल झाल्यात. कुठून गळतंय ते शोधायला प्रेशर वॉशर वापरू नका, त्याने चांगला टपही गळेल. एकाला आत बसवून टिश्यू पेपर द्या, बाहेरून झारीने एकेका सांध्यावर पाणी सोडा, खालून वर जात. वर्षातून दोनदा सगळ्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं, ती नको.

गंज कुठे शोधायचा

एनएमध्ये मुख्य जागा मागच्या सिलची, वर सांगितलेली. एनबीमध्ये त्याच्या जोडीला एक जास्त घातक जागा आहे : इंजिनच्या दोन बाजूंनी पुढे जाणाऱ्या चासीच्या दोन दांड्या, ज्यांवर पुढचं सस्पेन्शन आणि अपघातातला मार दोन्ही येतो. एनबीत त्या एकावर एक पत्रे जोडून केल्या आहेत. थरांच्या मधे खारट पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून इंजिन आणि खालून प्लास्टिकचं आच्छादन, त्यामुळे दिसतही नाही. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत काही खोलून बघत नाहीत. तेव्हा पास झालेली गाडीही आतून पोखरलेली असू शकते. घेण्याआधी खालचं आच्छादन उतरवून बघण्याची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर माझ्या मते परत फिरावं, त्या किमतीला दुसरी मिळते.

सिलची दुरुस्ती झालेली असेल तर ती कशी झालीय हे महत्त्वाचं. कुजलेला पत्रा कापून आतलं आणि बाहेरचं पान नव्याने वेल्ड केलेलं असेल तर गाडी पुढची दहा वर्षं बिनघोर. कुजक्यावरच नवा पत्रा चिकटवून लांबी (पुट्टी) भरली असेल तर दोन हिवाळ्यांत परत तेच. फ्रिजवरचं पातळ चुंबक खिशात ठेवा. लांबीच्या जाड थरावर ते धरत नाही. कामाचे फोटो मागायला लाजू नका. चांगलं काम करून घेणाऱ्याकडे ते असतातच.

निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा इतिहास वाचा, तो फुकट आहे. त्यात सिलजवळचा गंज आधी 'सूचना' म्हणून येतो, दोन-तीन वर्षांनी 'नापास' होतो. मैलांचे आकडेही वर्षागणिक दिसतात. वर्षाला हजार मैलही न चाललेली गाडी बघून हुरळू नका. उभ्या गाडीचे ब्रेक अडकतात, रबरं सुकतात, टायर वयाने म्हातारे होतात. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांचे टायर नक्षी पूर्ण असली तरी ओल्या रस्त्यावर धरत नाहीत.

जपानहून आणलेल्या गाड्यांवर युनोस रोडस्टर असं नाव असतं. बहुतेकींना एसी असतो आणि येईपर्यंत मिठाशी गाठ पडलेली नसते, त्यामुळे अंग स्वच्छ मिळतं. पण पोटाला संरक्षक थर फारच बेताचा. अशी गाडी घेतली तर पहिलं काम सिलच्या आत मेण फवारण्याचं : कोरड्या, उबदार दिवशी, लांब नळीच्या डब्याने, दोन्ही टोकांकडून. पाणी निचरण्याची खालची भोकं मेणाने बुजू देऊ नका, नाहीतर उपायच रोग होईल.

टप

एनएची मागची खिडकी प्लास्टिकची, चेन लावून बसवलेली. टप खाली करताना आधी चेन उघडून खिडकी सपाट आडवी झोपवायची, वर जुना मऊ टॉवेल टाकायचा आणि मगच टप दुमडायचा. हा नियम मोडला की घडीवर पांढरी रेघ उमटते आणि पुढच्या थंडीत तिथेच चीर जाते. थंडीत प्लास्टिक ताठ असतं. हवा दहा अंशांच्या खाली असेल तर खिडकीला हातच लावू नये. ती घरातल्या काचेच्या फवाऱ्याने पुसू नका, अमोनियाने धुरकट होते. प्लास्टिकचं पॉलिश आणि मायक्रोफायबर एवढंच वापरा. एनबीला काच आहे, तापणाऱ्या तारांसकट, आणि ती चेन न उघडता टपासोबत दुमडते. एनबीचा टप एनएच्या सांगाड्यावर बसतो, म्हणून एनएचा टप बदलायची वेळ आली तर काचेचाच घ्यावा असं मला ठामपणे वाटतं.

कापड सगळ्यात आधी फाटतं ते दाराच्या मागे, जिथे सांगाड्याचा सांधा घडी होताना त्याला चिमटा काढतो. बोटभर चीर आतून कापड लावून चिकटवता येते. हातभर झाली की टप बदला. पहिल्यांदाच करणाऱ्याला पूर्ण एक दिवस लागतो, आणि तो दिवस उन्हाचाच निवडा. ऊन नसेल तर नवं कापड पुढच्या काचेपर्यंत ओढलं जात नाही. मागच्या कडेला पट्ट्या १० मिलिमीटरच्या नटांनी बसवलेल्या असतात, त्यांचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाण्याची ती प्लास्टिकची पट्टी त्याच वेळी नवी टाका. ती वाचवून काही मिळत नाही, ती बदलायला पुन्हा सगळा टप उतरवावा लागतो. नवा टप बसल्यावर आठवडाभर तरी खिट्ट्या लावून बंदच ठेवायचा, म्हणजे कापड ताणून जागेवर येतं.

इंजिन

एनएला आधी १५९७ सीसीचं इंजिन, मग १८३९ सीसीचंही आलं. ब्रिटनमध्ये १९९५ पासून १.६ ची ताकद कमी करून सुमारे ९० अश्वशक्तीवर आणली होती. त्याआधीच्या १.६ ला सुमारे ११५ आहे. जाहिरातीत दोन्ही '१.६' म्हणूनच येतात, तेव्हा वर्ष बघा.

१९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत एक खरा दोष आहे. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं नाक आखूड आहे. पुढचा बोल्ट नीट आवळला गेला नाही तर दातेरी चाक हलतं, त्याला जागेवर धरणारी लोखंडी चावी आणि तिची खाच झिजते, टायमिंग सरकतं आणि ताकद हळूहळू जाते. ओळखायचं कसं? क्रँकच्या पुलीच्या मधल्या भागात चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर नंतरचं लांब नाक. आखूड नाकाची गाडी चालू असताना पुलीकडे बघा. ती डोलत असेल तर व्यवहार थांबवा. डोलत नसेल तर गाडी घ्यायला हरकत नाही, पण टायमिंग बेल्टचं (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणाऱ्या पट्ट्याचं) काम टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणारा पाना, वापरणाऱ्यालाच द्या आणि बोल्ट आवळण्याचा आकडा आखूड नाकाचाच घ्यायला सांगा, लांब नाकाचा जास्त आहे.

टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना. कमी चालणाऱ्या गाडीला वय बघून, सहा-सात वर्षांत. एनएच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडत नाहीत, पण गाडी मोटरवेच्या मधल्या लेनमध्ये बंद पडते. बेल्ट काढलाच आहे तर टेन्शनर, आयडलर, कॅम व क्रँकचे ऑइल सील आणि पाण्याचा पंप सगळं एकदमच बदला. पंप फिरतो अल्टरनेटरच्या पट्ट्यावर, पण बाहेर काढायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. नवा बेल्ट चढवल्यावर दोन्ही कॅमच्या चाकांवरच्या आय आणि ई या खुणांच्या मधे बेल्टचे १९ दाते मोजा. एक दाता चुकला तर इंजिन चालू होईल, पण रडत चालेल.

इंजिनच्या मागून, गिअरबॉक्सच्या घरावर तेल उतरलेलं दिसलं की गॅरेजवाले क्रँकचं मागचं सील गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवायचा खर्च सांगतात. आधी वर बघा. सिलिंडर हेडच्या पाठीमागे कॅम अँगल सेन्सर आहे, त्याच्या ओ-रिंगचं वयाने प्लास्टिक होतं आणि तेल तिथून ओघळत खाली येतं. सेन्सर आणि हेडवर मिळून एक रेघ ओढा, १२ चा एकच बोल्ट सैल करा, सेन्सर पिळत बाहेर ओढा. जुनी ओ-रिंग कापून काढा, नवीला तेल लावून चढवा, रेघेला रेघ जुळवून आवळा. या सेन्सरच्या फिरण्यावरच एनएचं इग्निशन टायमिंग ठरतं, म्हणून नंतर टायमिंग लाइट लावा : बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या खोक्यात टेन आणि ग्राउंड ही दोन टोकं तारेने जोडून, ८५० च्या आसपास फेऱ्यांवर, टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचण्याच्या बिंदूच्या) आधी १० अंश. काम अर्ध्या तासाचं, वस्तू काही पेन्सची.

सकाळी चालू केल्यावर वरून टकटक येते ती एनएच्या हायड्रॉलिक टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या, तेलाच्या दाबाने चालणाऱ्या तुकड्यांची). चांगलं तेल वेळेवर बदललं की बहुधा जाते. १.६ ला फिल्टरसकट साडेतीन लिटरच्या आसपास तेल, १.८ ला थोडं जास्त, नेहमी डिपस्टिक बघून. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलेला आहे. उजवं पुढचं चाक काढून हात घातला तर निघतो.

रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघा. काळी असेल तर ठीक. तपकिरी-हिरवट झाली असेल तर प्लास्टिक शिजलं आहे, ती केव्हाही फुटेल. फुटायची वाट न बघता बदला. सहा लिटर कूलंट लागतं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून नाक वर करून भरा म्हणजे हवा अडकत नाही. चढावर गाडी अडखळली तर कॉइलला हात लावण्याआधी प्लगच्या वायर बदला. बहुतेक वेळा त्याच असतात.

क्लच, गिअर, ब्रेक

सकाळी पहिला गिअर पडत नाही, पेडल दोन-तीनदा दाबलं की पडतो : क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचला देणारा खालचा सिलिंडर) गेला. या गाडीत तो झिजतोच. खाली जाऊन त्याची रबरी टोपी थोडी सोलून बघा, आत ओल असेल तर निदान पक्कं. स्लेव्ह आणि पेडलजवळचा मास्टर सिलिंडर दोन्ही एकदम बदलावेत. नव्या स्लेव्हच्या दाबाने जुना मास्टर काही महिन्यांत सोडतो. डीओटी ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरा आणि हवा काढा.

थंड असताना दुसरा गिअर अडतो, हा स्वभाव आहे. पण आतलं तेल बदलून तो बराच सुधारतो. गिअरबॉक्सला २ लिटर ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ नको, त्यातली काही मिश्रणं सिंक्रोच्या (गिअर सहज जुळवणाऱ्या) पितळी कड्यांना खातात. आधी भरायचा प्लग उघडा, तो उघडला तरच खालचा. उलट केलंत आणि वरचा अडकला तर गाडी तिथेच उभी. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी तेलाची वेगळी वाटी आहे, ती मात्र कुणी बघत नाही. मधला कन्सोल काढा, मोठं रबर उचला, तीन १० चे बोल्ट काढून दांडा बाहेर घ्या, जुनं काळं तेल सिरिंजने ओढा आणि ८० ते ९० मिलिलिटर नवं घाला. छोटं रबर फाटलेलं असणारच, तेही बदला. पायापाशी येणारी गरम हवा आणि तेलाचा वास त्यातूनच येतो.

मागचे ब्रेक कॅलिपर एमओटीत नापास होण्याचं नेहमीचं कारण. सरकत्या पिना कोरड्या पडतात, हँडब्रेकचा दांडा गंजून परत जात नाही, एक चाक तापतं. दरवर्षी पिना काढून, पुसून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. हँडब्रेक वर खूप येत असेल तर केबल ताणू नका. कॅलिपरच्या मागे १४ चा बोल्ट आहे, तो काढला की आत अॅलन की बसते. चाक अडेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे. दोन्ही बाजूंना सारखं. केबलला हात लावायचा तो यानंतर.

चाकांचं अलाइनमेंट हा या गाडीचा जीव आहे, पण ते बदलणारे एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेल्या चकतीचे) बोल्ट विशबोनच्या बुशात गंजून एक झालेले असतात. घेण्याआधीच अलाइनमेंट करून दाखवायला सांगितलं तर मोकळे आहेत की नाहीत ते कळतं. एनएच्या १८५/६० आर१४ टायरना २६ पीएसआय पुरे.

बॅटरी डिक्कीत उजव्या कोपऱ्यात असते. साधी ओली बॅटरी टाकून कुणी पैसे वाचवले असतील तर तिच्या वाफेने खालचा पत्रा कुजलेला सापडतो. सीलबंद एजीएम घ्या आणि वायू बाहेर नेणाऱ्या दोन्ही नळ्या जोडल्याशिवाय झाकण लावू नका.

लंडनमध्ये राहत असाल तर ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या शहरभर यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोजचे पैसे लावणारा विभाग, आहे. पेट्रोल गाडीला युरो ४ हा प्रदूषणाचा निकष लागतो, त्यात न बसणाऱ्या एनए-एनबीला दिवसाचे साडेबारा पौंड. नंबर टाकून आधी तपासा. आणि परतताना गाडी मुंबईला न्यायचा विचार असेल तर तो सोडा : भारतात आणता येणारी वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

हिवाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर धुऊन, खालचं मीठ नळीच्या पाण्याने काढून, पूर्ण वाळवून ठेवा. टप वर, खिडकी ताणलेली, ओला टप कधीच दुमडलेला नाही. टायरमध्ये थोडी जास्त हवा, गाडी गिअरमध्ये, चाकांना ओंडके आणि हँडब्रेक सोडलेला, म्हणजे पॅड चिकटत नाहीत. अंगाला घट्ट बसणारं प्लास्टिकचं आवरण नको, ओल आत कोंडते. महिन्यातून एकदा सीटमागचा गालिचा हाताने चाचपून बघा.